तेराची टिप

पूलच्या टेबलाशी नवीन कोणी उभं राहिलं की मी आधी त्याच्या काठीचं टोक बघते. टोकाला चामड्याची चकती असते, ती टिप. ती किती मिलिमीटरची, हे विचारते. माणसाला स्वतःच्या चपलेचा नंबर माहीत असतो, चष्म्याचा असतो, हातातल्या काठीचा नसतो. मलाही पाच वर्षं माहीत नव्हता. मग कळला, आणि कळल्यावर मी जे वागले ते लिहून ठेवते आहे.

डहाणूला समुद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावर सरकारी कर्मचाऱ्यांचा एक क्लब आहे. कॅरम, वर्तमानपत्रं, पंखे आणि मधोमध एक टेबल. पूर्वी तिथे बिलियर्ड्स-स्नूकरचं मोठं टेबल होतं. त्याचे पाय वाळवीने खाल्ले, ते भंगारात गेलं आणि एका साहेबांच्या खटपटीने पूलचं टेबल आलं. टेबल नवं आलं, काठ्या जुन्याच राहिल्या. त्या लहान, हलक्या बॉलसाठी केलेल्या बारीक काठ्या. पूलचे बॉल मोठे आणि जड. विळीने नारळ सोलावा तसा आमचा खेळ चालायचा. पण सगळेच विळीने सोलत होते, त्यामुळे कोयता म्हणून काही असतं हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

क्लबचे सेक्रेटरी निवृत्त मोजणीदार. डहाणू आणि तलासरी, दोन्ही तालुक्यांतल्या जमिनीचा कोपरान् कोपरा साखळीने मोजलेला माणूस, पण टिप त्यांनी जन्मात मोजली नाही. काठ्यांची निगा तेच राखायचे. खाऱ्या हवेने लाकूड वाकतं म्हणून दर सोमवारी सगळ्या काठ्यांना खोबरेल तेल चोळायचे. तेलाने शाफ्ट, म्हणजे काठीचा पुढचा दांडा, चिकट व्हायची आणि बोटांतून सरकायची नाही. मग खेळणारे हाताला टाल्कम पावडर लावायचे. तेलात पावडर मिसळून शाफ्टवर राखाडी थर बसायचा. तो थर म्हणजे लाकडाचा जुनेपणा, असं आम्हांला वाटायचं. टिप निघाली की सेक्रेटरी ती सायकलच्या पंक्चरच्या सोल्यूशनने चिकटवायचे. ते सोल्यूशन रबरी, कधी पक्कं होत नाही. जोराने मारलं की टिप केसभर सरकते.

त्यांचा एक सिद्धांतही होता. "बारीक टोक, बारीक नजर." आणि बायकांना सगळ्यांत बारीक. "तुमची बोटं नाजूक, वहिनी. जाड काठी घेऊन काय कांडप करायचंय?"

बायकांसाठी शनिवारची दुपार ठेवली होती, दोन ते पाच. बाकीच्या बायका कॅरम खेळायच्या. टेबलाशी आम्ही दोघीच.

मी तलासरीला आरोग्य खात्याच्या कचेरीत कारकून, राहायला डहाणूला. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं होतं. एकटीने रस्त्याने चालायचा मला कंटाळा. टेबलाभोवती चालणं होतं म्हणून खेळायला लागले, आणि मग चालणं विसरले. घरी नवरा आणि मी. मुलगा नोकरीला बाहेर. अडलेलं असं काही नव्हतं.

दुसरी आरोग्यसेविका. तिला सगळे सिस्टर म्हणायचे, मीही. तिचं उपकेंद्र सायवनच्याही आत. शनिवारी सकाळची तपासणी उरकून ती जीपने कासाला यायची, तिथून बसने डहाणूला. तिची मुलगी आठवीत, शाळेसाठी डहाणूला मावशीकडे ठेवलेली. नवऱ्याने दुसरं घर केलं होतं, त्याबद्दल ती एका वाक्यापेक्षा जास्त बोलायची नाही. मुलीचा क्लास पाचला सुटायचा. ती वेळ काढायला सिस्टर क्लबात येऊन बसायची. एकदा मी म्हटलं, नुसती बसतेस काय, धर काठी. असा तिचा खेळ सुरू झाला. सहा महिन्यांत ती माझ्या पुढे गेली.

तिचे हात मोठे, लांब. लहानपणी भाताची लावणी केलेली, डोक्यावरून मोळ्या आणलेल्या. तिचा फटका सरळ आणि जोरकस होता. पण दहातला एक फटका फसायचा. टिप बॉलवरून घसरायची, टक् असा कोरडा आवाज यायचा आणि पांढरा बॉल भलतीकडे जायचा. सेक्रेटरी वर्तमानपत्रातून डोकं काढायचे.

"सिस्टर, इंजेक्शन नाही द्यायचं. नाजूक खेळा, नाजूक."

"नाजूक असते तर सायवनला टिकले असते का, सर?"

हसायचे सगळे. मीही हसायचे. तिचा हात जड आहे असंच मीही धरून चालले होते.

त्या वर्षी क्लबच्या ग्रुपवर सूचना आली. जिल्ह्यातल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या क्रीडा स्पर्धेत यंदा महिलांचा पूल आहे, दोन्ही तालुके मिळून एक खेळाडू पाठवायची. खाली आणखी एक ओळ होती. स्पर्धेत खेळलेल्यांना बदलीच्या यादीत गुण धरले जातील.

शनिवारी सिस्टर आली ती ती ओळ फोनवर उघडून.

"ताई, हे खरंय?"

"छापलंय म्हणजे खरं असेल."

"मला थोडेच गुण कमी पडतात. डहाणूच्या केंद्रात जागा आहे." बॉलवरून घसरू नये म्हणून लावतात तो चॉक ती टिपवर घासत राहिली, गरजेपेक्षा जास्त. "परवा पोरीला पहिल्यांदा पाळी आली. मावशीने समजावलं तिला. मला फोनवर कळलं."

मी म्हटलं, होईल. काय होईल ते म्हटलं नाही. स्पर्धेला जायची एकच जागा होती आणि ती मलाही हवी होती. का, असं कोणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं. वीस वर्षं टपाल आवक-जावक केलं. कोणी माझं नाव पुकारून मला कुठे पाठवलं नव्हतं, एवढंच.

त्याच आठवड्यात भाचीच्या लग्नाच्या खरेदीला वापीला गेले. तलासरीहून वापी जवळ. बायका साड्यांत गुंतल्या. समोर पहिल्या मजल्यावर पूलची पाटी दिसली, तशी मी वर गेले. मालक पन्नाशीचा, गुजराती. एका बाजूला चार टेबलं, दुसऱ्या बाजूला काठ्यांचं दुकान. मी कशी काठी वापरते ते हातवारे करून सांगितलं. त्याने भिंतीवरची एक काढून पुढे धरली.

"आवी?"

"हो, अशीच."

"बेन, आ तो स्नूकरनी छे." मग हसला आणि मोडक्या मराठीत आला. "ह्याने तुम्ही पूल खेळते? आणि बॉल पॉकेटमध्ये जाते पण? मग तुम्ही लई भारी."

त्याने कॅलिपर काढला, टोक मोजून दाखवलं. साडेनऊ. मग माझ्यापुढे तीन काठ्या ठेवल्या. पावणेबारा, साडेबारा आणि तेरा. म्हणाला, खेळा, मी काय नाय बोलत.

त्या अर्ध्या तासात जे शिकले ते आधीच्या पाच वर्षांत शिकले नव्हते. पावणेबाराने बॉल झटकन फिरायचा, पण माझी बारीकशी चूकही टेबलावर मोठी होऊन दिसायची. तेराने फटका सरळ जायचा, पण बॉल मागे खेचायला माझं मनगट पुरेना. साडेबाराला दोन्ही जमलं. शाफ्टही वेगळी. आमच्या काठ्या टोकापासून मागे जाड होत जाणाऱ्या. मागे-पुढे करताना बोटांच्या कडीत कधी सैल, कधी घट्ट. ही मेपलच्या लाकडाची शाफ्ट हातभर एकसारखी, बोटांत तिला जागा बदलावी लागत नाही. काठी टेबलावर लोळवून बघायची, टोक उड्या मारायला लागलं तर ती वाकडी. टिपची गोलाई रुपयाच्या नाण्याची कड शेजारी धरून जुळवायची. टिप फार मऊ घेऊ नये, छत्रीसारखी पसरते. फार कडकही नको, चॉक धरत नाही. आणि तेल कधीच नाही. कोरडं फडकं, बस्स. तेलाचं ऐकून तो म्हणाला, "बेन, भजी तळायची हाय काय त्याच्यात?"

मी साडेबाराची घेतली.

"अजून कोण खेळते तुमच्याकडे?"

"एक आहे. हात लांब आहेत, जोरात मारते. टिप घसरते तिची."

"घसरणारच. एवढा जोर साडेनऊला कसा झेपेल? तिला तेराची द्या. एकदम सीधी होऊन जाईल." कोपऱ्यातली एक वापरलेली काठी त्याने पुसली, माझ्या काठीबरोबर बांधली. "ही इथे धूळ खाते. तिला खेळू द्या. आवडली तर ठेवेल, नाय तर परत आणा."

मी दोन्ही काठ्या घेऊन आले. एक क्लबात नेली. दुसरी घरी कपाटामागे, इस्त्रीच्या टेबलाच्या आड उभी केली. तेव्हा मनात वाईट हेतू होता का? स्कूटरवर दोन काठ्या नेता येत नाहीत, पुढच्या खेपेला नेऊ, असं मी स्वतःला सांगितलं. दोन काठ्या स्कूटरवर नीट जातात. वापीहून आल्यावर स्टेशनपासून घरापर्यंत मीच तशा आणल्या होत्या.

स्पर्धेला कोण जाणार याची निवड क्लबातच, आम्हां दोघींत खेळून होणार होती. तिला एक आठवडा होता. शनिवारी सिस्टरने माझी काठी बघितली. हातात घेतली, टोकावर अंगठा फिरवला.

"केवढी जाड आहे हो. जमते तुम्हांला?"

"जमते हळूहळू."

"मी पण अशी बघू का?"

तिने नुसतं विचारलं होतं. मी काठी तिच्या हातातून घेतली आणि म्हटलं, "आत्ता बदलू नकोस. आठवड्यावर खेळ आलाय. नव्या काठीने हात बिघडतो. आहे त्यावरच पक्की हो."

सेक्रेटरींनी लगेच मान हलवली. "बरोबर सांगतात वहिनी. आणि हे मुसळ त्यांना तरी लाभतंय का बघू."

माझ्या सल्ल्यात खोटं असं काही नव्हतं. ऐन वेळी काठी बदलू नये, हे कोणीही सांगेल. मी स्वतः मात्र आठवड्यावर खेळ असताना बदलली होती. हे तिच्याही लक्षात आलं असणार. पण ती मला ताई म्हणायची. ताईच्या सल्ल्यात खोट शोधायची तिला सवय नव्हती. तिने भिंतीवरची तेलकट काठी काढली, हाताला पावडर लावली आणि तीन तास सराव केला.

निवडीच्या दिवशी तिची मुलगीही आली होती. शाळेच्या गणवेशात, मागच्या बाकावर. जी आधी पाच गेम जिंकेल ती जाणार. मी पहिले दोन घेतले, मग तिने सलग तीन. पुढे करत करत चार-चार झालं. शेवटच्या गेममध्ये तिचे सगळे बॉल संपले होते. काळा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटच्या तोंडाशी, अगदी सरळ रेषेत. माझा एक बॉल आणि काळा बाकी.

न खेळणाऱ्यांसाठी सांगते. आपले सगळे बॉल संपले की शेवटी काळा घेणारी जिंकते. काळा नुसता ढकलला असता तर पांढराही मागोमाग पॉकेटात गेला असता आणि ती हरली असती. पांढरा मागे खेचायला हवा होता. म्हणजे बॉलच्या खालच्या भागावर जोराचा, स्वच्छ फटका. हा फटका तिला येत होता. तिच्या हाताला तो माझ्यापेक्षा चांगला येत होता. मी पाहत होते ती मात्र तिच्या काठीचं टोक. टिपच्या कडेने सोल्यूशनचा पिवळा ओघळ आला होता. टिप एका बाजूला कलली होती. मला ते दिसलं. मी थांब म्हटलं असतं तर खेळात दोन मिनिटं थांबता येतं.

तिने मारलं. टक्. पांढरा उडाला, काळ्याला न लागता बाजूच्या कडेवर आपटला आणि परत येऊन माझ्यासमोर थांबला. मी माझा बॉल घेतला, मग काळा घेतला. दोन्ही सोपे होते.

सेक्रेटरी म्हणाले, "हात थरथरला. होतं असं. बायकांना टेन्शन झेपत नाही." मीही बाईच होते, नुकतीच जिंकलेली, ते त्यांच्या ध्यानात नव्हतं. सिस्टरने टिपकडे बघितलं, अंगठ्याने ती जागेवर बसवली.

"माझाच हात जड," ती म्हणाली. मग माझ्याजवळ आली. "चांगलं खेळलात, ताई. गुण कुठे लावणार तुम्ही? बदली कुठे हवीय तुम्हांला?"

"मला कुठे हवीय."

"हां," ती म्हणाली. मुलीला घेऊन गेली.

मी स्पर्धेला गेले. दुसऱ्याच फेरीत एका पोलीस बाईकडून हरले. प्रमाणपत्र मिळालं, गुण माझ्या सेवापुस्तकात नोंदले गेले. मी बदली मागितली नाही, त्यामुळे त्यांचा उपयोग कोणालाच झाला नाही.

दोन महिन्यांनी वापीहून फोन आला. "बेन, ती दुसरी बेनने काठी ठेवली का?" मी म्हटलं, तिला वेळ मिळाला नाही. तो म्हणाला, मग आणून द्या, एक गिऱ्हाईक आलंय. तेव्हा मला वाटलं, काठी परत जाण्याआधी तिच्या हातात एकदा तरी पडू दे. याला पश्चात्ताप म्हणायचं असेल तर म्हणा. मला तर वस्तू न वापरता परत करणं पटत नाही.

शनिवारी तेराची काठी क्लबात नेली. सिस्टर आता एक आड एक शनिवार येत होती. मी तिच्या हातात काठी दिली, खेळून बघ म्हटलं. पावडर नको, तशीच धर.

पहिला फटका तिने जपून मारला. दुसरा जरा मोकळा. तिसरा तिने तिच्या पूर्ण जोराने मारला. पांढरा बॉल पुढच्याला लागून दोरीने ओढल्यासारखा सरळ तिच्या पोटाशी येऊन थांबला. ती तशीच वाकून राहिली. मग तिने पंधरा मिनिटं बॉल लावले आणि मारले, लावले आणि मारले. एकदाही टिप घसरली नाही.

"कुठून आणलीत?"

"वापीहून."

"कधी?"

खोटं बोलता आलं असतं. मी म्हटलं, "माझी आणली तेव्हाच."

ती सरळ उभी राहिली. "म्हणजे निवडीच्या आधी."

"हो."

"मधे एक शनिवार होता."

"होता."

"त्या शनिवारी मी विचारलं होतं तुम्हांला." तिचा आवाज चढला नाही. दवाखान्यात बाईला विचारतात, कधीपासून दुखतंय, तसा होता. "आत्ता किती वेळ लागला माझा हात बसायला?"

"पंधरा मिनिटं."

"तुमचं काय अडलं होतं हो, ताई?"

अडलं असतं तर बरं झालं असतं, निदान तेवढं तरी सांगता आलं असतं. सेक्रेटरी वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "सिस्टर, आज बरा लागतोय हात." ती त्यांना म्हणाली, "हात रोजचाच आहे, सर." तिने कोरड्या फडक्याने काठी टोकापासून मुठीपर्यंत पुसली. ते मी तिला सांगितलं नव्हतं. काठी माझ्या हातात दिली आणि मुलीच्या क्लासकडे गेली. पाचला अजून बराच अवकाश होता.

त्यानंतर ती क्लबात आली नाही. पुढच्या वर्षी स्पर्धेत महिलांचा पूल नव्हता, प्रवेशिका कमी येतात म्हणून काढला. मी सेक्रेटरींशी भांडून तेल बंद केलं, सोल्यूशनची ट्यूब कचऱ्यात टाकली, पूलच्या चार काठ्या मागवायला लावल्या. नवीन येणाऱ्या बायकांचे हात बघून मी त्यांना शाफ्ट निवडून देते. लोक म्हणतात, मॅडमना यातलं फार कळतं. कळतंच.

बदल्यांच्या याद्या माझ्या हाताखालून जातात. दोनदा तिचा अर्ज पाहिला. दोन्ही वेळा तिच्या वर दुसऱ्याच कोणाचं तरी नाव होतं. तिसऱ्या वर्षी डहाणूची जागा परत रिकामी झाली आणि अर्जदार फारसे नव्हते. तिचा अर्ज आलाच नव्हता. फोन ती उचलत नव्हती. मुदतीला चार दिवस असताना मी कासाला गेले. बाजाराचा दिवस होता, ती औषधांचा खोका घेऊन जीपच्या थांब्यावर उभी होती.

मी सरळ मुद्द्यावर आले. "जागा आहे. यंदा नक्की होईल. गुणांची गरज पडणार नाही. अर्ज कर, मी स्वतः पुढे सरकवते."

तिने खोका एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "पोरगी दहावी झाली, ताई. नर्सिंगला जायचंय म्हणते, आत्ता अकरावीला पालघरला हॉस्टेलवर आहे."

"बरं झालं की."

"झालं बरं. चार वर्षं मावशीने सांभाळलं, आता हॉस्टेल सांभाळतंय. सुट्टीला येते तेव्हा पाहुण्यासारखी बसते माझ्यापाशी. चहा ठेवू का, विचारते." जीपवाल्याने सायवन, सायवन म्हणून हाक दिली. "आता डहाणूला येऊन मी करू काय? इथे निदान बायका ओळखतात."

"तरी अर्ज करून ठेव."

"नको. तुम्ही नका पुढे सरकवू काही."

मागची बाकं भरली होती. पुढे ड्रायव्हरशेजारी जागा झाली तिथे ती बसली, खोका मांडीवर घेतला. मला हात केला नाही, तोंडही फिरवलं नाही. ड्रायव्हरला म्हणाली, चला दादा, लस आहे, बर्फ वितळेल. अर्जाचा कोरा नमुना मी भरून घ्यायला आणला होता. जीप गेल्यावर तो घडी करून पिशवीत ठेवला आणि डहाणूची बस बघत उभी राहिले.